सतरा लंगडी पुस्तकं

३ मार्च

मेहुणेबुवा,

काचेचं कपाट मी केलं. दुकानातल्या तसबिरींच्या चौकटींच्या कामातून उरलेल्या लाकडी पट्ट्या जोडून केलं, आणि कप्प्यांची उंची आधी पुस्तकं मोजून मग ठरवली. हिरव्या मालिकेच्या बारा भागांची बारा खोकी मी केली, जाड पुठ्ठ्याची, आतून सुती कापड लावून. चौथ्या भागाचं वेष्टन हरवलेलं होतं, ते छायाचित्रावरून हाताने रंगवलं आणि आतल्या बाजूला 'ही नक्कल आहे' असं लिहून ठेवलं, कारण लोकांना फसवायचा माझा धंदा नाही. उसवलेले कणे नव्याने बांधले. खळ मी शिजवली, मोरचूद घालून, म्हणून आजवर एकाही पुस्तकाला कसर लागलेली नाही. आणि सतरा लंगड्या पुस्तकांमधून गेलेल्या कथा मी टाईप केल्या, त्याच मापाच्या कागदावर, आणि जागच्या जागी शिवल्या.

हे सगळं सांगायचं कारण तुझी प्रस्तावना. चार वर्षं तोंड न दाखवता तू एक पाकीट पाठवतोस, त्यात बातमी अशी की बाईंनी तुला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक तिकडे इंग्लंडात निघतंय, आणि प्रस्तावना तुझी. ती मी वाचली. तुझ्या इंग्रजीचा मराठीत अर्थ एवढाच होतो: 'संग्रहाच्या डागडुजीत माझ्या भाऊजींची मोलाची मदत झाली.'

मदत! लग्नात पाहुण्यांना पाणी देणारा करतो ती मदत. घर बांधणाऱ्याने मदत केली असं कोणी म्हणत नाही.

आता चुका. बाईंनी संपादित केलेली हिरव्या पाठीची इंग्रजी भयकथा-मालिका 'दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर' निघत नसे. पाचवा भाग वसंतात निघाला, छापखान्यात संप होता म्हणून. त्याच भागाच्या आभाराच्या पानावर ते लिहिलेलं आहे, आणि पाचवा भाग तुझ्याकडे आहे, उघडून बघायचे कष्ट घे. दुसरं, प्रत्येक कथेच्या आधी बाई जे चार ओळींचं टिपण लिहीत, त्याला तू 'लेखकाचा परिचय' म्हणतोस. तो परिचय नव्हे. दार उघडण्याआधी आतला माणूस कसा आहे हे कानात सांगावं, तसं ते आहे. बारा भाग वाचून एवढंही कळलं नसेल तर बोलणंच खुंटलं.

सम भागांच्या वेष्टनांचे फोटो हवेत म्हणतोस. वाटणी आठवते ना? तुझ्या ताईने वैतागून केलेली, 'एक तुझं, एक यांचं, एक तुझं, एक यांचं', पोरांना खाऊ वाटावा तशी. सगळ्या जगात ही मालिका अशी एकाआड एक फाडलेली फक्त आपल्या दोघांकडे असेल. फोटो मिळणार नाहीत.

ताई बरी आहे. तू तिची चौकशी केली नव्हतीस, तरी कळवतो.

भाऊजी

१४ मार्च

मेहुणेबुवा,

'मदत' खोडून 'सहनिर्मिती' लिहितो म्हणून तू मला गप्प करायला बघतोस, आणि वर बाईंच्या अकराच्या अकरा पत्रांच्या प्रती पाठवतोस. मी त्या वाचणार नव्हतो. तुझी ताई म्हणाली, "नका वाचू. पण मग चष्मा पुसून त्या पाकिटासमोर बसू तरी नका."

सहावं पत्र वाचून झालंय.

पहिल्याच पत्राच्या पहिल्याच ओळीत बाई लिहितात की मुखपृष्ठावर मी दोनच आद्याक्षरं देते, म्हणून सगळे मला पुरुष समजतात, तुम्हीही समजलात, त्यात तुमची चूक नाही. तारीख बघितली. म्हणजे त्या दिवसापासून तुला माहीत होतं. आणि त्यानंतर दोन वर्षं, दर रविवारी, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, माझ्याच बाकावर बसून, तू माझ्यासमोर त्यांना 'साहेब' म्हणत राहिलास. 'भाऊजी, साहेबांनी ही कथा पहिली का ठेवली असेल?' मी आपला भाबडा, तासभर समजावून सांगायचो. साहेब असे, साहेब तसे, साहेब म्हातारपणी मिशा ठेवत असतील. मिशा! तू मान डोलवायचास.

जीभ घसरली नसती तर आजही डोलवत असतास. आठव्या भागातल्या विहिरीच्या गोष्टीवरून आपली जुंपली होती, आणि तू तावातावाने म्हणालास, "छे, बाईंना ती कथा कधीच आवडली नव्हती, प्रकाशकाने घालायला लावली." मी म्हणालो, "कोण बाई?" तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ताई दारात उभी होती. तिला वाटलं, तुझं बाहेर काहीतरी आहे.

बाहेर असतं तर मी समजून घेतलं असतं. तेवढा मोठा माणूस मी आहे.

ही मालिका कोणी आणली या घरात? एका गिऱ्हाइकाने तिसरा भाग दिला होता, मुखपृष्ठ कापून चौकटीत बसवा म्हणून. कापायच्या आधी पहिली कथा वाचावी म्हटलं. शब्दकोश घेऊन बसलो, आठवडा लागला. गिऱ्हाइकाला पैसे परत दिले आणि पुस्तक ठेवून घेतलं. शाळेने मला इंग्रजी दिलं नाही, साहेबांनी दिलं. बाईंनी. बघ, अजून तोंडात तेच येतं, आणि ही तुझी करणी. तुला तर मी हाताला धरून शिकवलं, तू तेव्हा औषधांच्या नमुन्यांची बॅग घेऊन गावोगाव फिरायचास आणि संध्याकाळी झोप येईना म्हणून कुरकुरायचास. आणि पत्र तू लिहिलंस. उत्तर तुला आलं.

ताई आत्ता म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो: "तुम्ही दोघं एका मेलेल्या बाईवरून भांडताय, आणि जिवंत बाई इथे एकटी भाजी निवडतेय. मला लिहिलंत का कधी अकरा पत्रं? एक?"

भाऊजी

२० मार्च

मेहुणेबुवा,

सातवं पत्र वाचलं. तू ते नीट वाचलेलं नाहीस. वाचलं असतंस तर गाडी पकडून इथे आला असतास.

मला एक गोष्ट सापडली आहे, आणि ती माझ्याच कपाटात आहे. काय ते सांगणार नाही. दोन वर्षांनी सांगेन. तोपर्यंत मीही मान डोलवीन. फिटंफाट.

भाऊजी

२९ मार्च

मेहुणेबुवा,

बहिणी पोटात काही ठेवत नाहीत, निदान भावाच्या बाबतीत. ताईने फोनवर तुला सांगितलंच आहे, पण ती पुस्तकांतलं काय सांगणार, 'यांना कसलीशी जुनी पुस्तकं सापडली, चेहरा उजळलाय' एवढंच सांगितलं असणार. म्हणजे तू आता भलतेच तर्क करत बसशील आणि प्रस्तावनेत घालशील. त्यापेक्षा मीच सांगतो, नीट सांगतो.

सातव्या पत्रात बाई स्वतःची कामाची रीत सांगतात. तू बहुतेक ते पान गंमत म्हणून वाचून सोडून दिलंस. जुन्या संग्रहांतून कथा निवडली की ती टाईप करून घ्यायला माणूस परवडत नसे, आणि छापखान्याला तर स्वच्छ मजकूर लागायचा. म्हणून बाई सरळ पातं घेऊन ती कथा पुस्तकातून कापून काढत, पानं दोन्ही बाजूंनी वाचता यावीत म्हणून नुसत्या कडेने कोऱ्या कागदांना डकवत, वर आपलं टिपण लिहीत आणि गठ्ठा छापखान्यात पाठवत. 'मी खाटकाची मुलगी,' असं त्या लिहितात, 'सांधा कुठे असतो ते मला कळतं.' उरलेलं पुस्तक, म्हणजे धड, पोत्यात. पोतं भरलं की रद्दीत, वजनावर. आणि त्या डावखुऱ्या होत्या, म्हणून काप नेहमी तिरपा जाई, याबद्दल छापखानेवाला त्यांना हसायचा.

तिरपा काप.

मी उठलो आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यापाशी गेलो.

ती सतरा पुस्तकं तुला आठवतील, कारण त्यांच्यावरून तू मला हसला होतास. तूच मला त्या बंदराच्या गावातल्या रद्दीवाल्याकडे नेलं होतंस. विलायती पुस्तकांचे गठ्ठे त्याच्याकडे जहाजाने यायचे, किलोवर. हा एक गठ्ठा त्याने बाजूला काढला होता, प्रत्येक पुस्तकातून मधलीच पानं गायब. तू म्हणालास, "भाऊजी, ही पुस्तकं नव्हेत, कवळी काढलेली तोंडं आहेत. सोडा." मी घेतली. पुठ्ठे चांगले होते, आणि मला मोडकं टाकून देववत नाही. घरी आणून पाहिलं तर अनुक्रमणिकेवरून गेलेल्या कथेचं नाव कळत होतं, आणि गेलेली प्रत्येक कथा, एकूण एक, हिरव्या मालिकेच्या कुठल्या ना कुठल्या भागात होती. तिथून पाहून मी टाईप केली आणि शिवली. दोन पावसाळे गेले त्यात.

आता तूच सांग, सतरापैकी सतरा कथा एकाच संपादकाकडे मिळतात, यावर शहाण्या माणसाच्या मनात काय यायला हवं होतं? माझ्या मनात काय आलं ते तुला आठवत असेल, तू तिथेच बसला होतास. मी म्हणालो, "साहेबांच्या मालिकेत काय नाही! जगात जे जे हरवतं, ते साहेबांनी आधीच जपून ठेवलेलं असतं." चोरालाच पहारेकरी समजून मी इतकी वर्षं सलाम ठोकत होतो. आणि तूही हो म्हणालास, तेव्हा तरी तुला काही ठाऊक नव्हतं. एवढा एकच मूर्खपणा आपण दोघांनी बरोबरीने केलेला आहे.

परवा सगळे काप दिव्याखाली धरून पाहिले. सगळे तिरपे, सगळे एकाच बाजूला उतरते. अनुक्रमणिकेत कापलेल्या कथेपाशी शिसपेन्सिलीने बारीक आकडा असायचा. मी बहुतेक पुस्तकांतून तो स्वच्छतेच्या नादात रबराने खोडून टाकला होता, त्याबद्दल माझ्या हाताला काय म्हणू ते मला कळत नाही. तीन पुस्तकांचा कागद कच्चा, म्हणून त्यांना रबर लावलं नव्हतं. त्यांवर आकडे आहेत: चार, नऊ, एक. हिरव्या भागांत त्या तीन कथा चौथी, नववी आणि पहिलीच आहेत. चौथी आणि नववी मी सम भागांत स्वतः पाहिल्या. पहिली तुझ्याकडच्या सातव्या भागात आहे, पण मला पाठ आहे.

ही बाईंची पुस्तकं आहेत. त्यांच्या टेबलावरची.

आधी राग आला. असली पुस्तकं माणूस कापतो कसा? मग तो गेला. कारण बाईंनी जे उसवलं ते माझ्या हातून शिवलं गेलं, तिने मला न ओळखता, मी तिला न ओळखता. जिथून तिचं पातं गेलं, तिथून माझी सुई गेलेली आहे. तू तिला पत्रात विचारलंस की भीती म्हणजे काय, आणि तिने तुला चार ओळी सांगितल्या. असू दे. तुझी अकरा, माझी सतरा.

भाऊजी

१८ एप्रिल

मेहुणेबुवा,

तू जाऊन पाच दिवस झाले. घरात तुझी ताई अजून गाणं गुणगुणते आहे, हे तुझ्या माहितीसाठी.

येऊन दारातच म्हणालास, "भाऊजी, आधी हात धुतो." ते मी मनात टिपून ठेवलं. तू पुस्तकं उघडलीस ती नीट, पाठीला हाताचा आधार देऊन, मी शिकवलं तसं. पहिला तिरपा काप पाहून तू काही बोलला नाहीस. बोलला असतास तर मी काहीतरी वाकडं बोलणार होतो, तयारी करून ठेवली होती, ती फुकट गेली.

मग तू माझी पानं वाचायला लागलास, आणि नवव्या पुस्तकात थांबलास. "भाऊजी, इथे एक ओळ गळलीय."

"शक्य नाही."

"मेलेला माणूस खालच्या मजल्यावर आहे, आणि पुढच्या ओळीत वरच्या खोलीत. जिना चढलाच नाही."

"मेलेल्याला जिना कशाला लागतो?"

ताई हसता हसता खाली बसली. तू गेल्यावर मी आठवा भाग काढून पाहिला. जिना आहे. ओळ गळलेली आहे. ती दुरुस्त केली आहे, पण तुझ्यामुळे केली असं मी कुणाला सांगणार नाही.

तू जे बोललास ते मात्र तसंच अडकून राहिलंय. मी विचारलं, "का लपवलंस?" मला वाटलं होतं, तू म्हणशील, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. चार वर्षांपूर्वी तेच म्हणाला होतास. या वेळी म्हणालास, "कपाट तुमचं, खळ तुमची, मतंसुद्धा तुमचीच. मी रविवारी यायचो तो ऐकायला यायचो. एक माणूस असं हवं होतं, जे आधी माझं असेल."

"मग मला निदान पत्ता तरी द्यायचा."

"दिला असता तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही बाईंना तीन चुका कळवल्या असत्या."

"पाच."

"बघा."

ताईने आतून विचारलं, "झाली का वाटणी? बाई कोणाच्या वाट्याला आली?" मला तेव्हा आणखी एक हेवा वाटला, तो लिहूनच टाकतो. बाई काय म्हणाल्या असत्या, कशाला हसल्या असत्या, हे तुला माहीत आहे. मला फक्त त्यांचा हात कुठे वळायचा ते माहीत आहे. तू जाताना म्हणालास, "त्या असत्या तर ही पानं बघून तुम्हालाच लिहिलं असतं." हे वाक्यसुद्धा तूच म्हणू शकतोस, मी नाही. तेही तुझंच.

सतरा पुस्तकांचे आणि सम भागांच्या वेष्टनांचेही फोटो काढू दिले ते ताईच्या सांगण्यावरून. पुस्तकांचे फोटो तिकडच्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याला तू दाखवणार आहेस, तुझी पत्रं आणि माझी पुस्तकं मिळून त्याला एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला द्यायची आहेत, सगळं एका काचेखाली राहील, असं तू म्हणालास. मी विचार करतो म्हणालो. त्या काचेखाली पट्टी असेल आणि पट्टीवर नाव असेल. कुणाचं असेल, एवढाच विचार मी पाच दिवस करतो आहे, आणि यात मला काही लाज वाटत नाही.

भाऊजी

६ मे

मेहुणेबुवा,

व्यापाऱ्याचं पत्र थेट माझ्या नावावर आलं. भाषा सभ्य आहे. पुस्तकं बाईंच्या टेबलावरचीच, याबद्दल त्याला शंका नाही. काप आणि आकडे पाहून त्याच्या ओळखीच्या जाणकारानेही तसंच सांगितलं. तुझ्या पत्रांबरोबरच तो ती घेईल, एकटी पत्रं किंवा एकटी पुस्तकं त्याला नकोत. पट्टीवर नाव बाईंचं असेल, आपलं दोघांचंही नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला. आणि एक अट. पुस्तकं बाईंनी टाकली त्या अवस्थेत हवीत. म्हणजे 'नंतरची हौशी डागडुजी' काढून. काढण्याचा खर्च ते करतील, त्यांच्याकडे तरबेज माणूस आहे, कागदाला धक्का लागणार नाही.

हौशी.

मी त्याला उलट विचारलं, पानांसकट घ्याल का. त्याने कळवलं, क्षमस्व, पानांसकट ग्रंथालयाला रस नाही.

तुझी चिठ्ठीही त्याच दिवशी आली. 'भाऊजी, अट ऐकली. रक्कम मला सांगितलेली नाही, पण चांगलीच असणार. घ्या. आणि काढलेली पानं मला द्या. मी जपून ठेवीन.' तुझ्या ताईने ती वाचून डोळे पुसले. मला मात्र पहिला विचार आला तो असा: अकरा पत्रं पुरली नाहीत वाटतं? आता माझी पानंही यालाच हवीत! पानं तुला मिळणार नाहीत. ती जिथे आहेत तिथेच राहतील, कारण ती तिथली आहेत. पोकळीचं जे काही मोल असेल ते असो, मी पोकळी विकत बसणार नाही.

नकार काल टपालात टाकला. यामुळे तुझ्या पत्रांचाही सौदा मोडला, हे मला माहीत आहे. वाईट वाटतं असं लिहिणार होतो, पण खोटं लिहवत नाही. पत्रं आता तिकडे जात नाहीत, याचा मला आनंदच आहे. पुस्तक निघू दे, प्रस्तावनेत पाचवा भाग वसंतात निघाला तेवढं नीट कर, आणि सम भागांचे फोटो वापर. मूळ पत्रं घरी पडून कसरीने खायची असतील तर तुझी मर्जी. माझ्या कपाटात जागा आहे, खळ आहे, आणि विषम भागांची रिकामी खोकी मी अजून मोडलेली नाहीत.

आता शेवटचं, आणि हे तुझ्यामाझ्यातच राहील. सतरा पुस्तकं, माझी पानं काढून, यासाठी त्याने देऊ केलेले आणि मी नाकारलेले पैसे चार हजार दोनशे पाउंड होते. तुझ्या ताईला मी चारशे सांगितले आहेत. तिने विचारलं तर तूही चारशेच सांग.

भाऊजी